पालिकेची अभ्यासिका चालवायला घेताय? अर्जाआधीची तयारी

बंद पडलेली अभ्यासिका आपल्या मंडळाने चालवावी, ही इच्छा ठाण्याला नवी नाही. इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली नागरिकांच्याच पुढाकाराने सुरू झालं. पण अर्ज घाईने टाकू नका, पूर्ण तयारीने टाका.

आधी संस्थेची कागदपत्रं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात. मंडळ जुनं असेल तर धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नावं तपासा. कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून गेला असेल तर दप्तरी जुनीच माणसं दिसतात आणि बँकेत सहीपासून अडतं. घटनेची प्रत, पॅन आणि लेखापरीक्षण अहवाल एका फायलीत लावा.

मग खर्च, आणि इथे मात्र अजिबात अंदाजाने चालू नका. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून त्या जागेची मागची वीजबिलं, दुरुस्तीचा खर्च आणि आधीच्या चालकाशी झालेला करार मागवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून हे काम पहिल्यांदा करा. जागा पाहायला जुलैत, धो धो पावसात जा. छत कुठे गळतं, स्विचबोर्डामागे ओल आहे का, जिन्यावर दिवा लागतो का, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून बसते का, हे स्वतः हात लावून पाहा. या शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर संध्याकाळनंतर मुली येणारच नाहीत, मग कुणासाठी चालवायची?

रात्रीचं कुलूप स्वयंसेवकांवर सोडू नका. पहिला महिना उत्साहात जातो, परीक्षेच्या दिवसांत माणूस मिळत नाही. एक पगारी माणूस ठेवा आणि त्याचं किमान वेतन आधीच हिशोबात धरा. साफसफाईचं काम वस्तीतल्या बचत गटाला दिलंत तर उत्तम, पण तेही मोबदला देऊनच.

साहेबांनी तोंडी ‘हो’ म्हटलं म्हणून सामान हलवू नका. पालिकेची मालमत्ता देण्याचे नियम महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये आहेत. लेखी करारच हवा. त्यात मुदत, मोठी दुरुस्ती कोणाकडे, विद्यार्थ्यांकडून किती शुल्क घेता येईल आणि सोडायचं झाल्यास किती दिवसांची नोटीस, हे स्पष्ट असू द्या. ताबा घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, आधीची थकबाकी कोण भरणार ते लिहून घ्या. खुर्च्या, टेबलं, पंखे मोजून दोन्ही बाजूंच्या सह्यांची यादी करा आणि मंडळाने आणलेल्या वस्तूंवर मंडळाचं नाव रंगवून घ्या.