काचेच्या दोन बाजू, एकच फोटो
घरातलं कुणी आजारपणामुळे वेगळ्या खोलीत असेल, तरी सगळ्यांचा एकत्र फोटो काढता येतो. मधे बंद खिडकी किंवा काचेचं दार मात्र हवं. आजारी माणसाला काचेपाशी बसवा. त्याच्या चेहऱ्यावर बाजूने थोडा उजेड असू द्या, मागची खोली अंधारी ठेवा. बाहेरची मंडळी उजेडात उभी राहिली की त्यांचं प्रतिबिंब काचेवर उमटतं. ते काळोख्या भागावरच ठळक दिसतं, म्हणून आतल्या चेहऱ्याशेजारची गडद जागा हेरा, फोन थोडा तिरका धरा आणि एकेकाला सरकवत त्या जागी आणा. हा खेळ मुलांना फार आवडतो. स्क्रीनवर आतल्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस पक्का होतो. फ्लॅश नको, काचेवर नुसता पांढरा डाग येतो. प्रतिबिंब टाळायचं असेल तर लेन्स काचेला टेकवा.

तापाने गळून गेलेल्या माणसाला हसायला लावू नका; काचेला टेकलेले दोन तळवेही सुंदर दिसतात. आणि फोन आत-बाहेर फिरवू नका, ज्याचा त्याने वापरावा.