पेशंटची माहिती घेताना आणि लिहिताना

पेशंट आला की लगेच बीपीचा पट्टा गुंडाळू नका, ५ मिनिटं बसू द्या, मग बीपी घ्या आणि त्रास कधीपासून, गोळ्या कुठल्या, ॲलर्जी आहे का ते विचारा. आपल्या सोलापुरात तेलुगू, कन्नड बोलणारे खूप, आजींना मराठीत सांगता येत नसेल तर भाषा येणाऱ्याला बोलवाच, अंदाजाने लिहू नका. कामही विचारा, विड्या वळणाऱ्या बाईच्या नाकात रोज तंबाखूची धूळ जाते, खोकल्यात ते महत्त्वाचं. श्वास मोजतोय हे सांगायचं नाही, नाडी धरूनच पूर्ण ६० सेकंद छातीकडे बघा, कळलं की माणूस श्वास बदलतो. “छातीत दडपल्यासारखं होतंय” हे त्यांच्याच शब्दात लिहा, नुसतं ‘त्रास आहे’ नको. वेळ, सही लगेच. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, तारीख, व्हाइटनर अजिबात नाही.