नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातून "पक्षीच नव्हते हो" म्हणत परतणारे बरेच भेटतात. विचारलं तर कळतं, अभयारण्याजवळच्या चापडगावला पोचायलाच अकरा वाजले होते. तोवर ऊन चढतं, पाण्यावर वाफ थरथरते, दुर्बिणीतलं चित्रही हलायला लागतं आणि बदकं पाठीच्या पिसांत चोच खुपसून पेंगत असतात. उजाडता उजाडता तिथे असावं, सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी.

वेळ साधूनही काही दिसलं नाही, तर आधी पाण्याकडे बघा. हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा (२०१९), असलं तरी मुळात सिंचनाचा बंधारा आहे. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळाने सोडलं जाणारं पाणी, सुटलं की पातळी चढते-उतरते. पाणी चढलं की काठचा चिखल बुडतो आणि त्यात चोच घालून चरणारे तुतवार, शेकाटे दुसरीकडे सरकतात. उतरलं की परत येतात. त्यामुळे गेल्या वर्षीच्या व्हिडिओतली जागा हुडकत बसण्यात अर्थ नाही. गावातला गाईड घ्या. पाणी आज कुठवर आहे, हे त्यालाच ठाऊक असतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे जवळ जाण्याची हाव. पट्टकदंबांचा, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांचा, थवा शेतात चरताना नीट बघा. तुमची चाहूल लागली की आधी एक-दोन माना ताठ होतात. मग चरणं थांबतं, सगळी तोंडं एका बाजूला वळतात, काही पक्षी चालू लागतात, हलका कलकलाट होतो. त्यानंतर थवा उठतो. पहिली मान ताठ झाली की तिथेच थांबायचं, जमल्यास मागे सरायचं. काही मिनिटांत ते पुन्हा चरायला लागतात. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवणारे महाभाग इथे दर हंगामात दिसतात. या पक्ष्यांना हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे परतायचं असतं आणि त्यासाठी अंगावर चरबी साठवायची असते. विनाकारण उडवलेला प्रत्येक थवा त्या साठ्यातून खर्च करतो. शिवाय शेत कुणाचं तरी आहे. कदंब पीक खातात ते वेगळंच, वर आपण तुडवायचं?

कपड्यांच्या रंगाची लोक फार काळजी करतात. भडक रंग नकोतच, पण त्याहून जास्त बिथरवतात ती झटक्याने उठलेली हातं आणि गाडीची धाडकन लावलेली दारं. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, ड्रोन तर आणूच नका.

ओळख पटवताना नवखे हमखास फसतात ते हंगामाच्या सुरुवातीला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेल्या बदकांचे नर बरेचदा माद्यांसारखेच तपकिरी असतात, त्यामुळे पुस्तकातला रंग जुळत नाही. रंग सोडा, ठेवण बघा. थापट्याची फावड्यासारखी चोच लांबूनही कळते. काळं अंग आणि पांढरं कपाळ असेल तर ते बदकच नाही, वारकरी आहे.

उन्हाळ्यात पाण्याच्या कडेने मोकळं भटकू नका. टिटवी, नदी सुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती खड्यांत मिसळून जातात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की आल्या वाटेनेच, पायाखाली बघत परत फिरा. ती उठून गेल्यावर अंडी थेट उन्हात भाजतात, म्हणून घरट्याचा फोटोही नको.

संक्रांतीच्या आसपास मांज्यात अडकलेला पक्षी सापडला तर दोरा ओढू नका. पक्ष्यापासून थोडं अंतर ठेवून कापा. अंगावर कापड टाकून त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मग वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि माणूस येईपर्यंत खोकं सावलीत ठेवून बाजूला व्हा.