सामूहिक उपक्रमासाठी अनुदानाचा अर्ज कसा लिहावा
अर्ज लिहायला बसण्यापूर्वी अनुदान देणाऱ्या संस्थेच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात, कारण कितीतरी अर्ज कल्पना कमकुवत म्हणून नव्हे, तर पात्रतेची एखादी अट नजरेतून सुटल्यामुळे पहिल्याच छाननीत बाद होतात. गरज मोघम मांडू नये. ‘मुलांना वाचनाची सोय नाही’ असे लिहिण्याऐवजी वस्तीत शाळकरी मुले किती, जवळचे वाचनालय किती अंतरावर आणि ते कधी बंद होते, हे स्वतः मोजून, विचारून लिहावे. अशा दोन ओळी पानभर कळकळीपेक्षा जास्त पटतात.

खरी परीक्षा अंदाजपत्रकाची. ‘साहित्य’ म्हणून एकच ठोक रक्कम न दाखवता नग, दर आणि एकूण असे रकाने करावेत, दरपत्रके जोडावीत आणि स्वयंसेवकांचे श्रमदान किंवा विनामूल्य मिळालेली जागा हा आपला वाटाही आवर्जून नोंदवावा, कारण लोक स्वतः कशाची भर घालत आहेत हे परीक्षकांना पाहायचे असते. वर्णनातील प्रत्येक काम अंदाजपत्रकात सापडलेच पाहिजे. नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल आणि समितीचा ठराव आधीच हाताशी ठेवावा. उपक्रमाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीकडून अर्ज वाचून घ्यावा आणि मुदतीच्या दोन-तीन दिवस आधीच पाठवावा.