प्रश्नावली छापायला टाकण्याआधी

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी पाहणी करायची ठरली की लगेच कॉम्प्युटर उघडू नका. आधी कोऱ्या कागदावर शेवटचा तक्ता काढा. त्यात कुठले रकाने येणार आणि ते बघून कोण काय ठरवणार, हे लिहा. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच रकान्यात पडत नाही, तो तिथेच खोडा. "असू दे, पुढे कामाला येईल" असं बैठकीत कुणीतरी म्हणतंच. आमच्या पहिल्या प्रश्नावलीत पुढे कामाला येणारे १४ प्रश्न होते, त्यातला एकही आला नाही. आधारचे १२ आकडे कशाशी ताडून बघायचे नसतील तर मागूच नका. नुसता तो रकाना दिसला तरी माणूस सावध होतो आणि पुढची उत्तरं तोलून-मापून देतो.

मग प्रश्नांची भाषा. इथे घाई करू नका, कारण पाहणी बहुतेक वेळा इथेच फसते. आम्ही विचारलं होतं, "घरात विडी कामगार किती?" उंबऱ्याशी बसलेली बाई, मांडीवर सूप, हात एकदाही थांबले नाहीत. म्हणाली, "एक. कार्ड माझंच आहे की." तिच्या मागे सासू पानं कापत होती आणि शाळेतून आलेली मुलगी विड्यांची तोंडं बंद करत होती. बाई खोटं बोलली नव्हती. आमच्या प्रश्नातल्या 'कामगार' शब्दाचा तिच्या घरातला अर्थ 'कार्डवाली', म्हणजे जिच्या नावावर विडी कामगाराचं ओळखपत्र आहे ती, असा होता. तेव्हापासून आम्ही तोच प्रश्न कामावरून विचारतो: काल पानं कोणी कापली? विड्या कोणी वळल्या? तोंडं कोणी बंद केली? मजुरीचंही तसंच. ती हजार विड्यांमागे ठरते, म्हणून "मासिक उत्पन्न" न विचारता आठवड्यात किती हजार झाल्या ते विचारा आणि गुणाकार घरी येऊन तुम्ही करा. हा प्रश्न अगदी शेवटी ठेवा. दारातच पैशाचं विचारलं की चहाही मिळत नाही.

एका प्रश्नात दोन प्रश्न लपलेत का, ते मोठ्यानं वाचून बघा. 'आणि', 'किंवा' दिसलं की थांबायचं. "पाणी वेळेवर आणि पुरेसं येतं का?" याला "येतं" असं उत्तर मिळालं तर त्यातून काय समजायचं? शिवाय आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे "रोज किती वेळ" हा प्रश्नच दुसऱ्या कुठल्या तरी गावचा आहे. "याआधी पाणी कोणत्या वारी आलं?" असं विचारा. तारखा लोकांना आठवत नाहीत, सण आठवतात. "गेल्या सहा महिन्यांत" म्हणण्याऐवजी "गड्ड्याच्या जत्रेनंतर", म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेनंतर, म्हटलं की संक्रांत डोळ्यांपुढे येते आणि हिशोब लागतो.

सहमतीची पाच पायऱ्यांची पट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. ती चांगलीच आहे, पण "अंशतः असहमत" असं बोलताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. 'पटतं, थोडं पटतं, नाही पटत' एवढ्यावर आमचं भागतं. वयोगट लिहिताना १८ ते २५ नंतर २६ पासून सुरू करा, नाहीतर पंचविशीतला माणूस दोन्हीकडे खूण करतो. 'माहीत नाही', 'सांगायचं नाही' आणि 'लागू नाही' या तिन्हींना वेगळी जागा द्या.

नावासाठी एकच लांब रेघ पुरते. तेलुगू घरांत आडनाव आधी सांगतात, आपण तीन चौकोन पाडून बसलो की भलत्या चौकोनात भलतं नाव जातं. प्रश्नावली तेलुगू, कन्नड, उर्दूत करून घेतली तर मूळ मराठी न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ती परत मराठीत आणवा. फरक लगेच सापडतो. संमतीचा मजकूर त्याच भाषांत ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर अशी सूचना सोप्या शब्दांत आणि इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, असं म्हटलं आहे.

मोबाइलवरचा फॉर्म असेल तर प्रश्न एकाखाली एक ठेवा. एकच उत्तर हवं तिथे गोल, अनेक चालतील तिथे चौकोन. आकड्यांची अट लावली असेल तर मराठी कीबोर्डवरून '४५' टाकून बघा; बरेच फॉर्म ते आकडा मानत नाहीत. कागदावर करणार असाल तर झेरॉक्सची झेरॉक्स काढा. फिकट राखाडी रेघा तिथे गायब होतात.

छापायला टाकण्याच्या तीन दिवस आधी पाच घरी जा. फॉर्म भरून घेताना मनात काय येतंय ते बोलत राहायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. "म्हणजे असं हो," हे तुमच्या तोंडून जिथे निघेल, तिथला प्रश्न बदलायचा आहे, पेन्सिलीनं तिथेच फुली मारा. विड्या द्यायला बाया सकाळी कारखान्यात गेलेल्या असतात, तेव्हा कडी वाजवण्यात अर्थ नाही. पॅड, दोन पेनं आणि पाण्याची बाटली घ्या. एप्रिल-मे असेल तर ऊन उतरल्यावरच निघा.