अंदमानला जाताय? हॅवलॉकच्या प्रवासात या चुका टाळा

अंदमानचा प्लॅन ठरला की आमच्या नात्यातले, सोसायटीतले लोक तो मला पाठवतात, "ताई जरा नजर टाक ना" म्हणून. मी सगळ्यात आधी शेवटचा दिवस बघते. आणि तिथे हमखास असतं, सकाळी हॅवलॉक बेटावरून पोर्ट ब्लेअरला यायची फेरी (म्हणजे प्रवासी बोट), आणि तिथून दुपारचं विमान. हे दिसलं की मी मेसेज करत नाही, थेट फोन लावते.

कारण हे मी भोगलंय. डिसेंबरात आम्ही सहा जण होतो, त्यात मावशी आणि काका. प्लॅन असाच, सातची फेरी, नऊपर्यंत पोर्ट ब्लेअर, साडेअकराचं विमान, चेन्नईला बदलून मुंबई. आदल्या रात्री जेवताना हॉटेलच्या मॅनेजरने येऊन सांगितलं की समुद्र खवळलाय, उद्याच्या सगळ्या फेऱ्या रद्द. आम्हाला वाटलं सकाळी बघू, काहीतरी सुटेलच. पहाटे बॅगा घेऊन जेटीवर गेलो तर पावसात माणसं नुसती उभी, कुणी हुज्जत घालतंय, कुणी छोट्या बोटवाल्याला जास्त पैसे देऊ करतंय, आणि तो बिचारा समुद्राकडे बोट दाखवून नाही म्हणतोय. साडेअकराला आमचं विमान गेलं. फेरीचे पैसे परत मिळाले, विमानाचे नाही, कारण विमान वेळेवर सुटलं होतं, आम्हीच नव्हतो. ही दोन वेगळी तिकिटं आहेत, एकाचं काय झालं त्याची जबाबदारी दुसऱ्यावर येत नाही हे लोक लक्षातच घेत नाहीत.

राहायची सोय झाली, जे नवीन पाहुणे यायचे ते पलीकडे अडकलेले त्यामुळे खोल्या रिकाम्याच होत्या. पण संध्याकाळी काकांनी बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप काढली, तळहातावर उलटी केली आणि मोजून सांगितलं, चार. सकाळ-संध्याकाळ घेतात म्हणजे दोन दिवस. तोवर सगळे विमानाच्या पैशांची चर्चा करत होतो, त्यानंतर कुणी पैशाचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी बेटावरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, फार चांगली माणसं होती. तिसऱ्या दिवशी फेऱ्या सुरू झाल्या. सरकारी बोटीवर आधी बेटावरचे लोक घेतले आणि ते बरोबरच आहे, त्यांना दवाखाना, कोर्ट, परीक्षा सगळ्यासाठी हीच बोट. पोर्ट ब्लेअरहून सहा जणांची ऐनवेळची तिकिटं काढली ती रिसॉर्टच्या बिलापेक्षा जास्त झाली.

तेव्हापासून माझा नियम, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. लोक म्हणतात एक दिवस फुकट जातो. फुकट कसा जाईल? सेल्युलर जेल त्या दिवशी ठेवा. आपले मराठी लोक आल्या आल्या, रात्रभराच्या प्रवासाने पेंगत, तासाभरात जेल "करून" टाकतात. १९११ ते १९२१ तात्याराव सावरकर इथे कोठडीत होते, त्यांचे मोठे भाऊ बाबारावही त्याच तुरुंगात, सातपैकी तीनच इमारती आज उभ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावर तात्यारावांच्या कोठडीत जरा वेळ शांत बसता आलं पाहिजे ना. आणि संध्याकाळी लाइट अँड साउंड शो बघा.

हाच मोकळा दिवस स्कूबावाल्यांनाही, म्हणजे सिलिंडर लावून खोल पाण्यात उतरणाऱ्यांनाही लागतो. शेवटच्या सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान हे अजिबात करू नका. खाली दाबामुळे नायट्रोजन अंगात विरघळतो, विमानात केबिनचा दाब कमी असतो, दाब असा लवकर कमी झाला की अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, आणि ते धोक्याचं असतं. एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, जास्त असतील तर १८ तास थांबायचं असतं, मी सरळ २४ धरते. स्नॉर्केलिंगला, म्हणजे नळी लावून वरच्यावर तरंगायला, हा प्रश्न नाही.

आता दुसरी माझी डोकेदुखी, उलटीची गोळी. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी फेरीने दीड-दोन तास, सरकारीने अडीचच्या आसपास. लोक गोळी खिशात ठेवतात आणि "मला नाही लागत बोट" म्हणत बसतात, मग बोट बंदराबाहेर आली, मोठ्या लाटा लागल्या की घाईघाईने गिळतात. तेव्हा काही उपयोग नाही, ती पोटातच टिकत नाही. एवोमिन घ्यायची तर तासभर आधी, आणि ज्यांना इतर औषधं चालू आहेत त्यांनी घरूनच डॉक्टरांना विचारून या. झोप येते, येऊ दे. उपाशीपोटी चढू नका आणि पुरीभाजी चापूनही चढू नका, दोन इडल्या पुरे. सीट मधली किंवा मागची, पुढे बोट जास्त आपटते, आणि जास्त पैसे देऊन पुढच्या काचेजवळची सीट घेणारेच सगळ्यात आधी पिशवी मागताना मी बघितलेत. मोबाइल बंद, नजर लांब क्षितिजावर. माझ्या पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या असतात, माझ्यापुरतं तरी त्याने भागतं.

सूर्यास्ताचं पण सांगते. अंदमान मुंबईपेक्षा जवळजवळ २० अंश पूर्वेला, पण घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. जेवून, झोप काढून, चहा घेऊन पाचला हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर निघालात तर अंधारात पोचाल, जेटीपासून १२ किलोमीटर आहे. साडेतीनला तिथे असा. आणि सकाळी आठपर्यंत लोळू नका, साडेपाचला तिथे उजाडलेलं असतं, काला पत्थर तेव्हा बघा, पूर्वेकडचा किनारा आहे. पोहायला लाइफगार्ड सांगेल तिथेच, या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाटी बघून हसू नका.

बाकी बारीकसारीक. तिकिटावर स्वराज द्वीप बघून घाबरू नका, २०१८ पासून हॅवलॉकचं तेच नाव, शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप, आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. जेटीचं नाव वाचूनच रिक्षात बसा, खासगी फेऱ्या बहुतेक हड्डोहून आणि सरकारी फिनिक्स बेहून सुटतात. ओळखपत्र चेक-इन बॅगेत नको, हातात. चेन्नईहून समुद्राखालून केबल आली २०२० मध्ये तरी नेटवर्क केव्हाही जातं, तिकिटांचे प्रिंट घ्या. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा.

शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नका, मेलेले वाटले तरी. एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये दिसतात, बॅग उघडायला लावतात, आणि मुलाने आठवडाभर जपलेली पिशवी त्याच्या समोर काढून घेतात. त्याला पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर समजावून सांगा, फोटो काढा आणि तिथेच ठेवून या.

आणि गोळ्या, ज्या काही चालू असतील त्या, चार दिवसांच्या जास्त. चेक-इन बॅगेत नाही, हातातल्या पर्समध्ये.