एक्स्पान्शनमध्ये शिरताय? वातावरण घालवणाऱ्या या चुका टाळा

‘द विचर ३’ या व्हिडिओ गेमच्या ‘ब्लड अँड वाइन’ या एक्स्पान्शनबद्दल, म्हणजे मूळ खेळाला नंतर जोडलेल्या भागाबद्दल, एक तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य कळतं: "सगळे डोक्यावर घेतात, मला तर नुसता रंगीत नकाशा वाटला." त्यावर माझा प्रश्न ठरलेला. तिथे गेलास कधी? बहुतेक वेळा उत्तरही ठरलेलंच येतं. मूळ खेळातल्या वेलेन प्रदेशात फलकावर नवा क्वेस्ट (कामगिरी) दिसला, म्हणून लगेच गेलो.

घोळ इथेच होतो. वेलेनमध्ये चिखल आहे, झाडांना लटकलेली प्रेतं आहेत, युद्धाने खंगलेली गावं आहेत. तो ओला, करडा प्रदेश तासन्‌तास तुडवून झाल्यावर ‘ब्लड अँड वाइन’च्या तूसाँ प्रदेशातलं ऊन, द्राक्षमळे आणि चकचकीत चिलखतातले सरदार डोळ्यांवर येतात. थोड्या वेळाने ते सगळं जरा जास्तच गोड आहे, अशी शंका मनात डोकावते. पुढे नदीतून प्रेतं निघायला लागतात, तेव्हा ती शंका कामी येते. ज्याने वेलेन अर्धंच पाहिलं, त्याला ही उडी जाणवणार कशी? एक्स्पान्शनला स्वतःचं असं वातावरण असतंच, पण त्याची निम्मी ताकद तुम्ही मागे काय सोडून आलात यावर असते. खालच्या बहुतेक चुका फिरून तिथेच येतात.

वेळ चुकणे

‘विचर ३’चं पहिलं एक्स्पान्शन ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ ऑक्टोबर 2015 मध्ये आलं, ‘ब्लड अँड वाइन’ मे 2016 च्या अखेरीस. पहिल्यासाठी साधारण 32 आणि दुसऱ्यासाठी 34 लेव्हल (पात्राच्या ताकदीची पायरी) सुचवलेली आहे. पण लेव्हल गाठली म्हणजे वेळ झाली असं नाही. माझा क्रम असा: मुख्य कथा पूर्ण, मग ‘हार्ट्स ऑफ स्टोन’, शेवटी तूसाँ. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ मधल्या काळात खेळणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी मी भांडणार नाही. ती गोष्ट मूळ नकाशातल्या ऑक्सनफर्ट शहराच्या आसपासच घडते, त्यामुळे प्रदेशाचा धक्का तिथे नाहीच. तूसाँबाबत मात्र मी अडून बसतो. तिथे खेळाच्या नायकाला, गेराल्टला, कॉर्वो बियांको नावाचा मळा मिळतो आणि शेवटी तिथे कोण पाहुणं येतं, ते तुमच्या आधीच्या निवडींवर ठरतं. मुख्य कथेची सगळी देणीघेणी डोक्यावर असताना त्या अंगणात बसण्यात काय मजा?

मुख्य मेनूतून तयार गेराल्ट घेऊन थेट एक्स्पान्शन सुरू करण्याचीही सोय आहे. दुसऱ्यांदा खेळताना ती झकास. पहिल्यांदा नको.

‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’चं ‘ट्रेसपासर’ तर याहून कडक आहे. मुख्य कथेनंतर दोन वर्षांनी ते घडतं, आणि एकदा त्यात शिरलात की जुन्या नकाशांवर परतता येत नाही. त्यामुळे अर्धवट राहिलेले क्वेस्ट आधी उरकून घ्या, आणि शिरण्याच्या आधीचा एक सेव्ह (साठवलेला खेळ) बाजूला ठेवा. ‘एल्डन रिंग’ने तर ही जबाबदारी खेळाडूवर टाकलीच नाही. रादान आणि मोग हे दोन बॉस (बडे शत्रू) हरवल्याशिवाय त्याच्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या एक्स्पान्शनचं दार उघडतच नाही. अनेकांना ही अट जाचक वाटली. मला वाटतं, असं कुलूप आणखी काही खेळांना हवं होतं.

एक्स्पान्शन न बोलावता घरात शिरतं

याउलटही घडतं. तुम्ही कुठेच गेलेला नसता आणि एक्स्पान्शनच तुमच्याकडे येतं. याचं जुनं उदाहरण म्हणजे ‘मोरोविंड’. 2002 च्या त्या खेळात तुम्ही सुटका झालेले अनोळखी कैदी म्हणून एका दलदलीतल्या बंदरात उतरता. आपण कोणीच नाही, हीच त्या सुरुवातीची मजा. त्याच वर्षी त्याचं ‘ट्रायब्युनल’ हे एक्स्पान्शन आलं आणि ते बसवून झोपी गेलेल्या पहिल्या लेव्हलच्या फाटक्या माणसावर डार्क ब्रदरहुड या गुप्त टोळीचे मारेकरी चालून येऊ लागले. नशिबाने तुम्ही वाचलात, तर त्यांचं चिलखत विकून हातात एवढा पैसा येतो की पुढचे कित्येक तास पैशाची चणचण ही भानगडच उरत नाही. म्हणजे वातावरण दोन्हीकडून गेलं. अनोळखीपणही गेलं, गरिबीही गेली.

यावर उपाय तीन. नवा खेळ सुरू करताना लाँचरच्या ‘डेटा फाइल्स’मध्ये ‘ट्रायब्युनल’वरची खूण काढून ठेवा. नाहीतर हे हल्ले उशिराने सुरू करणारा मॉड (चाहत्यांनी खेळात केलेला बदल) वापरा. आणि हल्ले सुरू झालेच असतील, तर ते बंद करायला अखेर ‘ट्रायब्युनल’मधल्या मोर्नहोल्ड शहरात जाऊन त्यांच्या म्होरक्याला गाठावं लागतं. पहिल्या लेव्हलला तो विचार सोडा.

‘स्कायरिम’च्या ‘डॉनगार्ड’मध्येही हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. रक्तपिपासू रात्री वस्तीत घुसतात आणि तुमचा नेहमीचा दुकानदार हातात खंजीर घेऊन शूरपणे त्यांच्यावर धावून जातो. सकाळी त्याचं प्रेत रस्त्यावर. पहिल्यांदा हे भयंकर वाटतं, म्हणजे वातावरण जमलं. चौथ्यांदा मात्र ती नुसती कटकट होते. रात्री फास्ट ट्रॅव्हलने (नकाशावरून उडी मारून) थेट शहरात उतरणं टाळा. पीसीवर खेळत असाल तर हल्ला झाला की गावकऱ्यांना घरात पळायला लावणारे छोटे मॉड मिळतात. माणसाने तसंच वागायला हवं, त्यामुळे तो मॉड मला फसवणूक वाटत नाही.

फार ताकद, नाहीतर भलतीच ताकद

सगळे बाजूचे क्वेस्ट संपवून गेलात की नव्या प्रदेशातले राक्षस दोन घावांत आडवे. भीती गेली की अंधार म्हणजे फक्त कमी प्रकाश. ‘विचर ३’मध्ये शत्रूंची लेव्हल तुमच्याबरोबर वाढवण्याचा पर्याय आहे. तो चालू करा. साधे उंदीरही फारच माजले, तर बंद करा.

‘एल्डन रिंग’मध्ये तक्रार नेमकी उलट होती. जून 2024 मध्ये ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ आलं आणि शंभर-दीडशे लेव्हलचे पठ्ठे पहिल्याच चौकीवर आपटले. कारण सोपं होतं. त्या छायेच्या प्रदेशात जुन्या लेव्हलपेक्षा स्कॅडुट्रीच्या तुकड्यांनी मिळणाऱ्या आशीर्वादाचं वजन मोठं. तो 20 पायऱ्यांपर्यंत चढतो आणि फक्त त्याच प्रदेशात चालतो. काही दिवसांतच एका पॅचने (दुरुस्तीच्या अपडेटने) सुरुवातीच्या पायऱ्यांचा परिणाम वाढवला. मुळात ही रचना मला फार हुशारीची वाटते, कारण मुरलेला खेळाडू पुन्हा नवखा होतो आणि भटकल्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. एखादा बॉस जुमानत नसेल, तर वेगळ्या दिशेला निघा आणि ‘मिकेलाचे क्रूस’ नावाच्या खुणा शोधा, तुकडे बरेचदा त्यांच्यापाशीच असतात. व्हिडिओ लावून सगळे तुकडे आधीच गोळा करत फिरलात, तर तो प्रदेश तुम्ही किराण्याच्या यादीसारखा पाहिलात असंच म्हणावं लागेल.

फुकट मिळणाऱ्या तलवारी आणि चिलखतांचंही तसंच. विशेष आवृत्तीबरोबर आलेली ती चमकदार भेट पेटीतच राहू द्या. ‘डायब्लो ३’ने हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला. तिथे खरेदी-विक्रीसाठी लिलावघर होतं, त्यामुळे चांगलं शस्त्र तळघरात सापडण्याऐवजी बाजारात मिळायचं. 18 मार्च 2014 ला ते बंद झालं आणि आठवड्याभरात ‘रीपर ऑफ सोल्स’ हे एक्स्पान्शन आलं. त्यातल्या वेस्टमार्च शहराचे काळवंडलेले रस्ते सुंदर आहेतच, पण माझ्या मते वातावरण परत आलं ते त्या बाजाराला टाळं लागल्यामुळे. मेलेल्या राक्षसातून काय पडतंय, याकडे पुन्हा श्वास रोखून बघावंसं वाटू लागलं.

प्रकाश आणि आवाज

इथे खेळाचा दोष नसतो, सेटिंगचा असतो, आणि नेमकं हेच कोणी तपासत नाही.

गुहेत काही दिसत नाही म्हणून ब्राइटनेस वर ढकलण्याची सवय सगळ्यांना असते. मग काळ्याचा राखाडी होतो आणि उन्हातले रंग फिके पडतात. नवा प्रदेश नव्या रंगांवर उभा असेल, तर तिथे पोचल्यावर सुरुवातीचं कॅलिब्रेशन पुन्हा करा: ते चिन्ह जेमतेम दिसेल इतकंच. अंधारासाठी मशाल आहे, ‘विचर’मध्ये कॅट नावाचं औषध आहे. ती खेळातली साधनं वापरली की अंधारही खेळाचाच भाग होतो. सगळंच चित्र धुतल्यासारखं दिसत असेल, तर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारी सोय) तपासा. विंडोज, खेळ आणि टीव्ही यांपैकी एकाने जरी वेगळा सूर लावला असेल, तर असंच होतं.

आवाजाचा सगळ्यात नेहमीचा बिघाड म्हणजे संगीत दणदणीत, संवाद मात्र विहिरीतून आल्यासारखे. खेळ 5.1, म्हणजे सहा चॅनलचा, आवाज पाठवतो आणि तुमच्याकडे दोनच स्पीकर असतात. संवाद मधल्या चॅनलमध्ये असतात, आणि तो चॅनल हरवतो. आउटपुट स्टिरिओ करा, प्रश्न मिटला. हेडफोनमध्ये सगळं पोकळ ऐकू येत असेल, तर व्हर्च्युअल सराउंड दोन ठिकाणी चालू आहे का ते पाहा, एकदा विंडोजमध्ये आणि एकदा हेडफोनच्या सॉफ्टवेअरमध्ये. एकच ठेवा.

आणि कृपा करून दुसऱ्या खिडकीत पॉडकास्ट लावून खेळू नका. ‘स्कायरिम’च्या ‘ड्रॅगनबॉर्न’ एक्स्पान्शनमध्ये विंडहेल्महून जहाजाने सोल्स्थाइम बेटावर उतरलात की राख, मशरूम आणि ‘मोरोविंड’च्या वेळचे जुने सूर एकदम भेटतात. ज्यांनी तो जुना खेळ खेळला होता, त्यांच्या घशाशी आवंढा आला तो त्या सुरांनी. राख तर काय, कुठेही दाखवता येते.

घाई

फास्ट ट्रॅव्हल बंदच ठेवा असं मी म्हणत नाही. पहिले चार-पाच तास तेवढे पायी किंवा घोड्यावर काढा आणि कोपऱ्यातला छोटा नकाशा लपवा. संवाद वगळू नका. ‘ऑब्लिव्हियन’च्या ‘शिव्हरिंग आइल्स’मध्ये (2007) दारातून आत गेलात की एका साध्या खोलीत हॅस्किल नावाचा सभ्य गृहस्थ बसलेला असतो, टेबलावर मेट्रोनोम टकटकत असतो. तो दोन वाक्यं बोलतो, उठून जातो आणि खोलीच्या भिंती फुलपाखरं होऊन उडून जातात. वेडाच्या देवाच्या राज्यात शिरण्याची याहून चांगली तऱ्हा मी पाहिलेली नाही. हॅस्किलचं बोलणं बटण दाबून उडवणारी माणसं मात्र पाहिली आहेत.

मॉड

याबद्दल थोडक्यात. प्रकाश आणि हवामान बदलणारे मॉड बरेचदा मूळ नकाशा डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. ते एक्स्पान्शनच्या प्रदेशालाही तोच रंग फासतात, किंवा तिथलं आकाशच बिघडवतात. त्या एक्स्पान्शनसाठी पॅच आहे का ते पाहा, नसेल तर तेवढ्यापुरता साधा खेळ बरा. ‘स्कायरिम’मध्ये खेळ अर्ध्यावर असताना स्क्रिप्टवाला (स्वतःचा कोड चालवणारा) मॉड काढू नका. त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात आणि वीस तासांनी कुठला क्वेस्ट अडकला, याचा शोध लागत नाही.

सगळं आटोपल्यावर कधीतरी ‘विचर ३’ पहिल्यापासून सुरू करा. व्हाइट ऑर्चर्डच्या सराईत बसलेला एक टकला, गोडबोल्या माणूस ओळख नसताना गेराल्टशी गप्पा मारतो. पहिल्या खेपेला त्याचं नावही लक्षात राहत नाही. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ खेळून परत आलात की तीच सराई, तोच उजेड, पण त्याच्या टेबलाकडे जाताना पावलं मंदावतात.